घोड्यास वैरण आधी, चंदी मागाहून

पेठ वडगाव व भोवतालच्या गावी घोडी पूर्वीच्या मानाने फार थोडी उरली आहेत. टांगे गेले, आणि तट्टावर बसून बाजारास येणारे व्यापारीही गेले. तथापि शर्यतीची हौस, वरातीचा धंदा आणि घराण्यात चालत आलेली आवड यांमुळे अजूनही एखाद्या गोठ्यात बैलांच्या शेजारी घोडे बांधलेले आढळते. अशा घोड्याच्या धन्याशी बोलावयास लागले म्हणजे तो चंदीच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगतो. हरभरा किती भिजत घालतो, गूळ किती, दूध किती, सर्व काही त्यास तोंडपाठ असते. मात्र "वैरण किती घालता?" असे विचारले तर "असते की पुढ्यात काहीतरी," एवढेच उत्तर मिळते. या एका उत्तरापायी पुष्कळ घोडी दगावतात. ती का दगावतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला, घरी घोडी असलेल्या बापाचा मुलगा, एवढाच त्याचा अधिकार. परंतु जमाखर्चाचा ताळा घेण्याची सवय अंगी मुरलेली असल्यामुळे, घोड्याच्या खुराकातील कोणती बाब मुख्य व कोणती दुय्यम, हे मांडून दाखविता येईल असे वाटते.

महाराजांचे पत्र

आपल्या पेठ वडगावास सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. सन १७०८ मध्ये त्यांचा अंत झाला. पाणी पिताना मोगलांच्या घोड्यांस पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण ज्या घोड्यांवर बसून ही दौड झाली ती घोडी काय खात होती, हे कोणी विचारीत नाही. मराठी फौजेबरोबर दाण्याची गोणी असे, परंतु घोडदळाचा जीव असे तो रानच्या गवतावर. गवत कापून आणण्यासाठी रोज जी टोळी निघे तिला 'कही' म्हणत. शत्रूने कही अडविली की घोडदळ बसले म्हणून समजावे. पानिपतावर सन १७६० च्या अखेरीस व १७६१ च्या आरंभी आपल्या फौजेची जी उपासमार झाली तीत दाण्याबरोबर वैरणही तुटली होती, आणि घोडी उभ्या जागी खंगून गेली.

याविषयी सर्वांत स्पष्ट असा जुना लेख म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे सन १६७४ च्या आगेमागे, चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या अंमलदारांस धाडलेले पत्र होय. त्यातील शेतकऱ्याच्या गवताच्या काडीसही हात लावू नये, हा भाग सर्वांस माहीत आहे. परंतु त्याच पत्रात घोड्यांच्या खुराकाचा एक पक्का हिशेबही आहे. मिळालेला दाणा व गवत आताच मनमानेल तसे उडवाल तर पावसाळ्यात काहीच उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंज्यांजवळ आगटी, चिलीम वा उघडा दिवा नको, उंदराने पेटती वात ओढून नेली तरी सगळी गंजी जाईल व मग घोडी वाचणार नाहीत, इतक्या बारकाईने महाराजांनी बजावले आहे. एवढा मोठा राजा गवताच्या गंजीसाठी इतके का लिहितो? गवत जळाले तर दाणा वाढवून घोडे जगविता येत नाही, हे त्यास पक्के ठाऊक होते म्हणून.

त्याहून पुष्कळ जुन्या अशा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्यास दाणा, मीठ, स्नेह वगैरेंचे माप सांगून त्यासोबत अर्धा भार हिरवा चारा, अथवा त्याच्या दुप्पट वाळलेले गवत सांगितले आहे. दाण्याचे माप द्रोणात, तर वैरणीचे ओझ्यात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या घरची गोष्ट

हे ज्ञान आमच्या घरी नव्हते, असे नाही. पण त्याचे कारण कोणी समजून घेतले नव्हते. सुमारे १९८० साली, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, वडिलांजवळ एक तांबडी घोडी होती. मळ्यावर व बाजारास जाण्यास तीच त्यांचे वाहन. त्या वर्षी गवताची गंजी वैशाखअखेरच संपली. विकत गवत घेण्यास पैसा नव्हता, पण घरचा हरभरा होता. वडिलांनी विचार केला की, वैरण नाही तर नाही, चंदी दुप्पट करू. उलट घोडी अधिक तेज होईल. सुमारे आठवडाभर ती भुईला खूर घाशी, गव्हाणीचे लाकूड कुरतडी, आणि स्वतःच्या लिदेसही तोंड लावी. आम्हांस ती खोडकर झाली असे वाटले. एका रात्री ती वारंवार मागे वळून कुशीकडे पाहू लागली, आडवी पडून लोळू लागली, अंगास घाम सुटला आणि लीद बंद झाली. पहाटेस डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, पण घोडे पुन्हा त्यांनी दावणीस बांधले नाही. चूक दुष्टपणाची नव्हती. ती हिशेबाची होती.

घोड्याच्या पोटाची रचना

ही चूक समजावी म्हणून गाय व घोडे यांतील भेद पाहावा. दोघेही गवत खातात, परंतु गवतातील जो चोथा, म्हणजे तंतुमय भाग, तो कोणत्याच जनावरास स्वतःच्या पाचक रसाने पचविता येत नाही. तो सूक्ष्म जंतूंकडून आंबवून घ्यावा लागतो. गाईच्या पोटी हा आंबवणीचा रांजण अगदी आरंभी असतो. ती गवत गिळते, सवडीने रवंथ करते, आणि आंबलेला माल पुढे खऱ्या जठरात जातो. घोडे रवंथ करीत नाही. त्याचा आंबवणीचा रांजण आतड्याच्या शेवटच्या टोकास, म्हणजे आंधळे आतडे व मोठे आतडे येथे असतो.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, सुमारे ८ ते १५ लिटरांचे असते. सबंध अन्नमार्गाच्या दहाव्या हिश्शाइतकेही ते भरत नाही. उलट आंधळे आतडे एकटेच ३० लिटरांच्या आसपास असते, आणि ते व मोठे आतडे मिळून अन्नमार्गाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतात. निसर्गाने ज्या कामास एवढी मोठी कोठी दिली ते काम वैरण पचविण्याचे आहे. तेथील जंतू चोथा आंबवून त्याची सौम्य आम्ले बनवितात. ती रक्तात शोषली जाऊन घोड्यास शक्ती देतात. वैरणीवर राहणाऱ्या घोड्याची निम्मी वा त्याहूनही अधिक शक्ती अशा रीतीने येते. शिवाय हेच जंतू काही जीवनसत्त्वे तयार करतात. आंबवणीच्या उबेने थंडीत अंग गरम राहते. चोथा पाणी धरून ठेवीत असल्यामुळे लांब मजल मारताना आतड्यात पाण्याचा साठाही राहतो. म्हणजे चोथा हा केवळ पोट भरण्याचा केर नव्हे. तो अन्नही आहे, सरपणही आहे आणि पाण्याची पखालही आहे.

आता तोंडाकडे पाहू. गवत चावण्यास वेळ लागतो. एक किलो वाळलेले गवत संपविण्यास घोड्यास सुमारे ४० मिनिटे लागतात व सुमारे तीन हजार वेळा चावावे लागते. तेवढाच दाणा सुमारे १० मिनिटांत फस्त होतो. घोड्याच्या तोंडास लाळ सुटते ती केवळ चावताना. जठरातील आम्ल मात्र रात्रंदिवस पाझरत असते, पोटात अन्न असो वा नसो. लाळ ही त्या आम्लाचा उतारा आहे. रानात मोकळे सोडलेले घोडे दिवसाचे चौदा-सोळा तास तोंड हलवीत असते, सबब त्याच्या पोटात आम्लाचा दाह होत नाही. दोन वेळ तोबरा बांधून बाकी वेळ रिकाम्या गव्हाणीपुढे उभ्या केलेल्या घोड्याच्या जठरास व्रण पडतात. लाकूड कुरतडणे व लीद खाणे ही पुष्कळदा खोड नसून चोथ्याची भूक असते. आमची घोडी तेच सांगत होती.

दाणा जास्त झाला तर काय होते

दाण्यातील पिठूळ भाग म्हणजे स्टार्च, तो लहान आतड्यात पचतो. पण त्या आतड्याची शक्ती बेताची आहे. एकाच वेळी फार दाणा पडला तर न पचलेले पीठ पुढे आंबवणीच्या कोठीत उतरते. तेथे पिठावर वाढणारे जंतू एकदम बोकाळतात, तीव्र आम्ल करतात, व चोथा पचविणारे जंतू मरू लागतात. मेलेल्या जंतूंचे विष रक्तात जाते. वायू कोंडून पोटशूळ उठतो. घोड्यास उलटी करता येत नाही, त्यामुळे वरची वाटही बंद. कित्येकदा पोट निभावते, पण दोन-तीन दिवसांत खुराच्या आतील पडद्यास सूज येऊन घोडे पाऊल टाकीनासे होते. त्यातून वाचले तरी पुष्कळदा ते कामातून जाते.

यावर कोणी म्हणेल की, नुसत्या गवतावर घोडे पळेल काय? प्रश्न रास्त आहे. बसून असलेले वा हलके काम करणारे प्रौढ घोडे चांगल्या गवतावर, मीठ व पाण्यावर सुखाने राहते. परंतु शर्यतीचे घोडे, दूध पाजणारी घोडी व वाढते शिंगरू यांस चंदी लागतेच, कारण गवत पोटात जाण्यास मर्यादा आहे. म्हणून चंदी बंद करा असे म्हणणे नाही. वैरणीची रक्कम आधी भागवावी, आणि कामाच्या मानाने चंदीची बाब तिच्यावर चढवावी, एवढेच म्हणणे. दिवस लांब असो, शर्यत जवळ असो, वैरणीच्या रकमेतून उचल करून चंदीत भरती करू नये.

वैरणीचा हिशेब

प्रथम घोड्याचे वजन काढावे. काटा नसला तरी फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. येईल ते वजन किलोत, अदमासे. उदाहरणार्थ, घेर १५५ व लांबी १४८ असल्यास वजन सुमारे ३०० किलो येते. आपल्याकडील पुष्कळ तट्टे याच्या आसपास भरतील.

दररोज वजनाच्या शेकडा दीड इतकी वैरण, पाण्याचा अंश सोडून, ही खालची मर्यादा समजावी. शेकडा दोन दिल्यास उत्तम. ३०० किलोच्या जनावरास शेकडा दीडप्रमाणे ४।। किलो होतात. वाळलेल्या गवतातही दहावा हिस्सा पाणी असते, म्हणून ते ५ किलो मोजावे. शेकडा दोनप्रमाणे सुमारे ६।। किलो. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्यामुळे तेवढ्याच पोषणास २० किलो वा अधिक हिरवे लागते. हिरव्याची एक पेंढी टाकून वैरण झाली असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता वर्षाची बेगमी. माघापासून नवे गवत हाती येईपर्यंत १५० दिवस धरले, तर रोजी ६ किलोप्रमाणे ९०० किलो, व नासधुशीची दहावा हिस्सा भर घालून सुमारे १,००० किलो कोरडे गवत एका तट्टास पाहिजे. दहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी आणि गंजीतील पेंढ्या मोजाव्यात. कमी भरत असल्यास दिवाळीनंतर, गवत स्वस्त असतानाच भर घालावी. वैशाखात गंजी संपल्यावर जाग येऊन उपयोग नाही. पूर्वी गायरान व कुरणे यांवर जनावरे निभावत. आता पुष्कळ गावी गायरान आकसले आहे, म्हणून हा हिशेब अधिकच काटेकोर पाहिजे.

आपल्या भागातील वैरणी

गवत : मारवेल, पवना यांसारखी माळाची गवते फुलोऱ्याच्या सुमारास कापून वाळविलेली सर्वांत चांगली. बी पडून गेल्यावर कापलेल्या गवतात न पचणारा काष्ठभाग वाढतो. ते पोट भरते, पण पोसत नाही, आणि पाणी कमी पडल्यास आतड्यात गोळा होऊन बसते. कुसळी गवत कुसळे येण्यापूर्वीच कापावे, नाहीतर तोंडास जखमा होतात. हरळी घोड्यास फार मानवते.

कडबा : शाळूचा चांगला वाळलेला, पानेदार कडबा चालतो. ज्वारीची कोवळी पोरे व खुंटाचा फुटवा यांत विषारी अंश असतो. शिवाय हिरव्या ज्वारीच्या जातीच्या चाऱ्यावर दीर्घकाळ ठेवलेल्या घोड्यास मूत्राशयाचे व मागील पायांचे दुखणे जडते. तो घोड्यास घालू नये.

उसाचे वाढे : गळिताच्या दिवसांत आपल्याकडे वाढे मुबलक असतात, आणि हाच मोह घातक. वाढ्यात व हत्ती गवतात ऑक्झॅलिक आम्लाचा अंश असतो. तो अन्नातील चुना बांधून टाकतो. घोड्यास गाईच्या मानाने हे फार बाधते, कारण त्याचे अन्न चुना शोषणाऱ्या आतड्यातून जंतूंच्या आधी जाते. महिनोन्महिने हेच घातल्यास हाडांतील चुना निघून जातो, घोडे लंगडू लागते आणि तोंडाची हाडे फुगतात. गव्हाचा कोंडा भरपूर घालण्यानेही निराळ्या कारणाने हाच परिणाम होतो. तस्मात वाढे हा वैरणीचा लहान भाग असावा, मुख्य नव्हे.

लसूणघास : यात चुना व प्रथिने भरपूर, म्हणून वरील उणीव ती भरून काढते. वैरणीचा चौथा हिस्सा पुरे. कापून ढीग मारून ठेवलेली, आतून तापलेली घास कधीही घालू नये.

पिंजर : भाताचे पिंजर तोंड चालू ठेवण्यास बरे, पण पोषण थोडे. चांगल्या गवतात मिसळूनच द्यावे.

कोणतीही वैरण बुरसलेली वा धुळीची नसावी. तिने खोकला व पोटशूळ दोन्ही होतात. कुट्टी फार बारीक करू नये. बारीक कुट्टी घोडे न चावता गिळते, आणि चावण्याचा जो मुख्य फायदा तोच बुडतो.

पाळावयाचे नियम

पहिला नियम, सकाळी चंदीपूर्वी वैरण टाकावी. पोटात आधी गवत असले म्हणजे दाणा सावकाश पुढे सरकतो. दुसरा, ३०० किलोच्या जनावरास एका वेळी एक किलोच्या आतच चंदी द्यावी. अधिक द्यावयाची असल्यास वेळा वाढवाव्यात, माप वाढवू नये. मका व जव यांचे माप याहूनही कमी ठेवावे. तिसरा, खुराकात कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करावा, कारण आतील जंतूंस नव्या अन्नाची सवय होण्यास तेवढा काळ लागतो. कोरड्यावरून हिरव्यावर नेतानाही हाच नियम. चौथा, विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी, वैरण पूर्ण. पाचवा, वैरणीचा मोठा वाटा रात्रीसाठी ठेवावा, कारण रात्र लांब असते व रिकामी गव्हाण घोड्यास सोसत नाही. सहावा, पाणी सदैव पुढ्यात असावे. कोरड्या गवतावरील तट्टास दिवसास २० ते ३० लिटर पाणी सहज लागते. मिठाचा खडाही जवळ असावा.

सातवा नियम पाहण्याचा आहे. लीद रोज पाहावी. गोळे भरीव व ओलसर असल्यास ठीक. फार कोरडे वा फार पातळ झाल्यास, अगर लिदेत सबंध दाणे व लांब काड्या दिसल्यास दात व खुराक तपासून घ्यावेत. घोडे कुशीकडे पाहत असेल, भुई उकरीत असेल, लीद बंद असेल, तर चंदी त्याच क्षणी उचलावी आणि पशुवैद्यास बोलवावे. रात्र असली तरी पहाटेची वाट पाहू नये. हे वाक्य लिहिताना आमच्या गोठ्यातील कंदिलाचा उजेड डोळ्यांपुढे येतो.

येत्या हंगामात ज्यांच्या दावणीस घोडे आहे त्यांनी चंदीचा हिशेब मांडण्यापूर्वी एकदा गंजीकडे जाऊन पेंढ्या मोजाव्यात, आणि परत येताना गंजीजवळ कोणी बिडी ओढीत बसले नाही ना, हेही पाहावे. साडेतीनशे वर्षांपूर्वी चिपळूणच्या छावणीस जो हुकूम गेला तो आपल्या गोठ्यासही तितकाच लागू आहे.